ससा, पोपट, कासव पाळलंय? मग डॉक्टरच्या बिलाची तयारी आत्ताच करून ठेवा

रात्री साडेअकरा वाजता दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून मी पैशांची जुळवाजुळव केलीये, म्हणून हे लिहायला बसले. माझी भुरी, ससा आहे, मादी, तेव्हा ४ वर्षांची, तिने दिवसभर गवताला तोंड लावलं नव्हतं, शी केली नव्हती, आणि माझ्या हे लक्षात आलं संध्याकाळी कामावरून आल्यावर. नेहमीच्या डॉक्टरांचं क्लिनिक बंद झालेलं, सशाला रात्री बघतील असं हॉस्पिटल लांब, आणि तिथे पोचल्यावर ॲडमिट करायच्या आधी अंदाजे बिलाच्या निम्मे पैसे भरा म्हणाले. पैसे नव्हते असं नाही. मुदत ठेवीत होते. कार्डाची लिमिट त्या महिन्यात जवळपास संपलेली. मग भावाला उठवलं, मैत्रिणीला उठवलं, पाऊण तास त्यात गेला आणि तेवढा वेळ भुरी बॉक्समधे जोरजोरात दात खात बसली होती. सशाने असे दात खाल्ले की त्याला दुखतंय असं समजायचं.

भुरी वाचली. पण तेव्हापासून मी ससा, पक्षी, कासव असं काही घरी आणणाऱ्या प्रत्येकाला सांगते की बाबांनो, पैसे किती साठवलेत हे तर बघाच, पण ते अर्ध्या तासात हातात येतील का हे आधी बघा. कुत्र्याच्या बाबतीत दोन दिवस वाट बघू, पगार झाला की नेऊ असं कधीकधी चालून जातं. यांच्या बाबतीत नाही चालत. हे बहुतेक सगळे रानात दुसऱ्याची शिकार होणारे प्राणी, तिथे जो अशक्त दिसतो तो आधी पकडला जातो, त्यामुळे आजार लपवणं त्यांच्या अंगातच असतं. कॉकाटील, म्हणजे तो तुरेवाला छोटा पोपट, पिसं फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला तर तो आज आजारी पडलेला नसतो, बरेच दिवस आजारीच असतो आणि आता त्याची लपवायची ताकद संपलेली असते. सशाने किंवा गिनीपिगने १०-१२ तास काही खाल्लं नाही तर त्यांच्या पोटाची हालचाल थांबायला लागते आणि ती इमर्जन्सीच धरायची. म्हणजे तुम्हाला कळतं तेव्हाच उशीर झालेला असतो, त्यात पैशांचा उशीर आणखी नको.

बिल एवढं का येतं

हे समजून घेतलं की डॉक्टर लुटतात वगैरे राग येत नाही आणि कुठे वाचवता येईल कुठे नाही तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे रक्ताची तपासणी. पक्ष्याच्या अंगातलं रक्त साधारण वजनाच्या १० टक्के असतं आणि त्याच्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंतच रक्त काढणं सुरक्षित धरतात. बजी, म्हणजे तो अगदी छोटा पोपट, असतो ३५ ग्रॅमचा. म्हणजे जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलि, सहा-सात थेंब समजा, आणि तेवढ्यात सगळ्या टेस्ट बसवायच्या. शिवाय आपल्या किंवा कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेशींत असतं, त्यामुळे नेहमीच्या ऑटोमॅटिक मशीनचा मोजताना गोंधळ होतो आणि कोणीतरी जाणकार माणूस मायक्रोस्कोपखाली बसून हाताने पेशी मोजतो. त्या माणसाच्या वेळेचे पैसे असतात ते.

दुसरी गोष्ट भूल. ब्रिटनमधे २००८ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात भूल किंवा गुंगी दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के निघालं. घाबरवायला नाही सांगत, भूल न देता सशाच्या वाढलेल्या दाढा घासून कमी करता येत नाहीत, ती द्यावीच लागते. पण म्हणूनच त्यात अंग गरम ठेवायची गादी, बारीक नळ्या, ठोके बघायचं मशीन आणि फक्त श्वासावर लक्ष ठेवणारा एक वेगळा माणूस लागतो. एस्टिमेटमधे भुलेच्या मॉनिटरिंगची ओळ दिसली तर ती कापायला सांगू नका, प्लीज. दुसरीकडे वाचवू आपण.

तिसरं म्हणजे औषधं. या प्राण्यांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेली औषधं फार कमी आहेत, बहुतेक वेळा कुत्र्या-मांजरांची किंवा माणसांची औषधं डॉक्टर आपल्या जबाबदारीवर हिशोब करून देतात, कधी ती पातळ करून किंवा वेगळी बनवून घ्यावी लागतात. आणि हे सगळं शिकलेले डॉक्टर कमी, लांब, त्यामुळे प्रवासाचा खर्च पण बिलातच धरा.

प्राणी किती स्वस्तात मिळाला याचा याच्याशी काही संबंध नाही. हॅमस्टर कोणी फुकट दिला असेल तरी त्याच्या गाठीचं ऑपरेशन हे ऑपरेशनच असतं.

आधी डॉक्टर शोधा, मग चार आकडे विचारा

शक्य असेल तर प्राणी घरी आणायच्या आधी. आणून झाला असेल तर या आठवड्यात. 'सगळे प्राणी बघतो' असं लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी पोपटाला किंवा कासवाला नीट बघता येतंच असं नाही, त्यामुळे फोन करून सरळ विचारायचं की महिन्यात साधारण किती पक्षी किंवा किती ससे येतात, सशाला भूल देता का, पक्ष्याचं रक्त काढता का. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट जे आपण करत नाही ते कुठे होतं तेही सांगतात. पक्ष्यांच्या डॉक्टरांची असोसिएशन ऑफ एव्हियन व्हेटरिनेरियन्स नावाची संघटना १९८० पासून आहे, सरपटणारे आणि उभयचर बघणाऱ्यांची अशीच वेगळी संघटना १९९१ पासून, त्यांच्या साइटवर सदस्य डॉक्टर शोधायची सोय आहे, तिथून सुरुवात करता येते. पशुवैद्यकीय कॉलेजचं हॉस्पिटल जवळ असेल तर तेही बघून ठेवा, तिथे बऱ्याचदा दर कमी असतो, वेळ मात्र जास्त लागतो कारण विद्यार्थी शिकत असतात.

डॉक्टर ठरले की त्यांच्याकडून चार आकडे घ्यायचे. नुसत्या तपासणीचे किती. गुंगी देऊन दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढला तर किती. एक रात्र ॲडमिट ठेवलं, सलाईन आणि औषधं धरून, तर किती. आणि तुमच्या प्राण्यात नेहमी होणारं एखादं ऑपरेशन किती, म्हणजे सशाच्या दाढा किंवा मूत्राशयातला खडा, मादी पक्ष्याचं अंडं अडकणं, कासवाच्या कानातला गळू काढणं. पाचवा आकडा रात्रीच्या इमर्जन्सीचा, पण तो वेगळ्या हॉस्पिटलचा असतो म्हणून वेगळा फोन करायचा, आणि तिथे आवर्जून विचारायचं की रात्री तुमच्याकडे जे डॉक्टर असतात ते पक्षी बघतात का, कारण अनेक इमर्जन्सी हॉस्पिटलं फक्त कुत्री-मांजरं घेतात. आधी किती पैसे भरावे लागतात आणि कशाने, कार्ड चालतं की रोखच, हेही विचारा. मी हा एक प्रश्न विचारला असता तर वर सांगितलेला पाऊण तास गेला नसता.

मग पैसे बाजूला टाकायला लागा

पहिलं टार्गेट छोटं ठेवायचं, तपासणी अधिक एक्स-रे अधिक एक रात्र. एवढे पैसे वेगळ्या बचत खात्यात, ज्यातून मध्यरात्री पण काढता येतील, मुदत ठेवीत नाही, शेअर्समधे नाही, सोन्यात तर नाहीच. ते जमले की मग दुसरं टार्गेट, एक ऑपरेशन. ही दुसरी रक्कम मोडायला एक दिवस लागणाऱ्या ठिकाणी असली तरी चालेल कारण बहुतेक ऑपरेशनच्या आधी प्राण्याला स्थिर करण्यात थोडा वेळ जातो. दर महिन्याला खाऊ, भुसा, गवत याला जेवढे जातात तेवढेच बाजूला टाकायचे असा माझा साधा नियम आहे, लक्षात ठेवायला सोपा पडतो. आणि खातं वेगळंच हवं, घरखर्चाच्या खात्यात मनातल्या मनात बाजूला ठेवलेले पैसे राहत नाहीत, अनुभव आहे.

एकापेक्षा जास्त प्राणी असतील तर प्रत्येकाचे वेगळे साठवायची गरज नाही, सगळे एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. अपवाद संसर्गाचा. नवा पक्षी आणला आणि थेट जुन्यांच्या पिंजऱ्यात सोडला तर एका बिलाची चार बिलं होतात, त्यामुळे नवीन आलेल्याला कमीत कमी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याच काळात एकदा डॉक्टरला दाखवा.

आयुष्य किती आहे हेही डोक्यात असू द्या. हॅमस्टर २-३ वर्षं, गिनीपिग ५ ते ७, ससा ८ ते १२, कॉकाटील १५-२०, बॉल पायथन २० ते ३०, आफ्रिकन ग्रे पोपट ४० ते ६०, आणि जमिनीवरची कासवं तर ५० च्या पुढे आरामात. हॅमस्टरचा खर्च एकदम आणि लवकर येतो, पोपटाचा खर्च तुम्ही निवृत्त झाल्यावर पण येत राहतो. पोपट किंवा कासव असेल तर आपल्या मागे त्याला कोण सांभाळणार आणि त्याच्यासाठी पैसे कुठे ठेवलेत हे घरच्यांना सांगून, लिहून ठेवा. हे बोलायला कोणाला आवडत नाही, मला पण नाही आवडलं, पण केलं.

विमा

बहुतेक कंपन्या फक्त कुत्री-मांजरं घेतात. काही देशांत पक्षी, ससे, सरपटणारे यांच्यासाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात, तुमच्याकडे मिळत असेल तर नक्की बघा, पण सही करायच्या आधी काही गोष्टी ओळीने वाचायच्या. तुमच्या प्राण्याची जात यादीत आहे का, नुसतं 'एक्झॉटिक' (कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी) लिहिलंय म्हणून समजू नका, विषारी साप आणि संरक्षित प्राणी बऱ्याच ठिकाणी बाहेर ठेवलेले असतात. वेटिंग पिरियड किती दिवसांचा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती दिवस क्लेम मिळत नाही. आधीपासूनचा आजार कशाला म्हणतात, कारण सशाच्या दाढांचा त्रास एकदा नोंदवला गेला की पुढे दातांचा प्रत्येक खर्च आधीपासूनचा म्हणून नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे विमा घ्यायचाच असेल तर प्राणी लहान आणि ठणठणीत असतानाच घ्या. दात, प्रजननाचे त्रास, अंडं अडकणं हे धरलंय का ते बघा, कारण या प्राण्यांत नेमकं हेच सगळ्यात जास्त होतं आणि नेमकं हेच वगळलेलं असू शकतं.

आणि हिशोबाचा क्रम विचारा. समजा बिल १०० झालं, पहिले २० तुम्ही भरायचे आणि बाकीच्याचे ८० टक्के कंपनी देणार, तर तुम्हाला ६४ परत मिळतात. पण कंपनी आधी ८० टक्के काढून मग त्यातून २० वजा करत असेल तर ६० च मिळतात. छोटा फरक वाटतो पण मोठ्या बिलात बरेच पैसे होतात. बहुतेक पॉलिसीत आधी तुम्ही सगळे पैसे भरायचे आणि नंतर कंपनी परत देणार असं असतं, म्हणजे विमा असला तरी रात्री काउंटरवर द्यायचे पैसे तुमचेच. वरचं खातं म्हणून विमा असला तरी लागतंच.

कागदपत्रांचं पण इथेच सांगते. वन्य प्राण्यांच्या व्यापाराचा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे, आफ्रिकन ग्रे पोपट २०१६ च्या परिषदेत त्याच्या सगळ्यात कडक यादीत गेला आणि भारतीय तारा कासव २०१९ मधे. असा प्राणी कायदेशीर मार्गाने आलाय याचा पुरावा नसेल तर क्लेम अडकतो. पावती, परवाना, पायातल्या रिंगचा किंवा मायक्रोचिपचा नंबर, सगळ्याचे फोटो फोनमधे एका फोल्डरमधे ठेवा.

बिल समोर आलं की काय बोलायचं

इथे लोक लाजतात. मी पण लाजले होते. पैशांचं बोललं तर डॉक्टर म्हणतील हिला प्राण्याची काळजी नाही, असं वाटतं, आणि मग माणूस सगळ्याला हो म्हणत जातो किंवा बघतो-सांगतो म्हणून घरी निघून जातो, आणि दोन्हीत प्राण्याचंच नुकसान होतं. पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, डॉक्टर, माझ्याकडे आज एवढे आहेत, महिन्याभरात अजून एवढे होतील, यात याच्यासाठी सगळ्यात उपयोगाचं काय ते आधी करूया. एवढं वाक्य बोलता आलं तरी पुष्कळ झालं.

मग लेखी एस्टिमेट मागायचं, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन आकडे. आणि प्रत्येक टेस्टसाठी एकच प्रश्न, याचा रिपोर्ट काहीही आला तर उपचार बदलणार आहे का? बदलणार असेल तर ती टेस्ट करायची. दोन्ही निकालांत औषध तेच देणार असाल तर ती थांबू शकते का हे नम्रपणे विचारायचं. भुरीच्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं की एक्स-रे आत्ता हवाच, कारण पोटात खरंच अडकलंय की नुसती हालचाल मंदावलीये यावर ऑपरेशन करायचं की नाही ते ठरतं आणि अडकलेलं असताना हालचाल वाढवायचं औषध देणं धोक्याचं, पण रक्ताचं मोठं पॅनेल, म्हणजे एकदम बऱ्याच तपासण्या, ते सकाळपर्यंत थांबेल. सकाळी ती खायला लागली आणि त्या पॅनेलची गरजच पडली नाही. टप्प्याटप्प्याने जाण्यात कमीपणा नाही. सगळ्यात महाग रस्ता हाच एक योग्य रस्ता असं नसतं, आणि मधला रस्ता सुचवणारे डॉक्टर प्रामाणिकपणेच सुचवतात.

मर्यादा पण सांगून ठेवा, म्हणजे एवढ्याच्या वर जायला लागलं तर आधी मला फोन करा, आणि फोन उशाशी ठेवा. ॲडमिट ठेवण्याऐवजी घरी काय करता येईल तेही विचारा. सिरिंजने भरवणं, त्वचेखाली सलाईन देणं, औषध पाजणं हे नर्स समोर बसून शिकवतात, पहिल्यांदा हात थरथरतो पण जमतं, आणि दोन-तीन रात्रींचं बिल वाचतं. अर्थात डॉक्टर म्हणाले इथेच ठेवा तर इथेच ठेवा. फेरतपासणी प्रत्यक्ष हवी का वजनाचे आकडे आणि शीचे फोटो पाठवले तर चालेल हे पण विचारून बघा. आणि औषध बाहेरच्या फार्मसीतून जेनेरिक घेतलं तर चालेल का, याला बरेच डॉक्टर हो म्हणतात, फक्त ताकद आणि प्रमाण त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, आणि पातळ औषध असेल तर नेमकं कोणतं चालेल तेही, कारण माणसांच्या पातळ औषधात घातलेले गोड पदार्थ वेगळे असू शकतात.

पैसे कमी पडले तर

सगळ्यात आधी क्लिनिकलाच हप्ते विचारा. जुने, नियमित येणारे असाल तर मिळायची शक्यता जास्त, म्हणूनच वर्षातून एकदा साध्या तपासणीला नेण्याचा हाही एक फायदा. हप्ते मिळाले तर तारखा लिहून घ्या आणि पाळा.

मग कार्ड, वैद्यकीय कर्ज, वैयक्तिक कर्ज. यात एक सापळा आहे तो नीट समजून घ्या. '१२ महिने बिनव्याजी' असं दोन प्रकारचं असतं. एकात खरंच व्याज नसतं. दुसऱ्यात व्याज नुसतं पुढे ढकललेलं असतं, बाराव्या महिन्याच्या शेवटी थोडीशी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं, पूर्ण मूळ रकमेवरचं व्याज एकदम लावतात. आणि महिन्याला ते जो किमान हप्ता दाखवतात तो भरून बारा महिन्यांत कर्ज फिटेलच असं नाही. अशी योजना घेतली तर एकूण रकमेला ११ ने भागा आणि तेवढे दर महिन्याला भरा, एक महिना हाताशी राहतो.

लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर डॉक्टरांचं एस्टिमेट, निदान लिहिलेला कागद आणि प्राण्याचा फोटो टाका, आणि देणाऱ्यांना शक्यतो थेट क्लिनिकच्या खात्यात भरायला सांगा, विश्वास बसतो. यातून पैसे यायला दिवस लागतात त्यामुळे पहिल्या रात्रीच्या खर्चासाठी याच्या भरवशावर राहू नका. ससे किंवा पक्षी वाचवणाऱ्या संस्था असतात, त्या रोख पैसे देतीलच असं नाही पण त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे कमी दरात करून देणं, पिंजरा उसना देणं, भरवायची पावडर देणं असं बरंच करतात. विचारायला संकोच करू नका.

एक मात्र कळकळीने सांगते, पैसे वाचवायला घरातली औषधं देऊ नका. कुत्र्यांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला मारू शकतं. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचं फिप्रोनिल सशाला चालत नाही. अमॉक्सिसिलिनसारखं पेनिसिलिन गटातलं औषध तोंडाने दिलं तर ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. मग विषबाधेचं बिल मूळ आजाराच्या वर येतं, आणि कधीकधी बिल द्यायची वेळही येत नाही.

बिल मुळात येऊच नये म्हणून

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. अख्ख्या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू हीच. पक्ष्याचं वजन रोज किंवा एक दिवसाआड, सकाळी खायच्या आधी, ससा आणि गिनीपिगचं आठवड्याला, सरड्याचं किंवा कासवाचं महिन्याला, आणि वहीत लिहा. पक्ष्याचं वजन १० टक्के कमी झालं तर ते गंभीर आहे, आणि ९० ग्रॅमच्या कॉकाटीलमधे ते फक्त ९ ग्रॅम, डोळ्यांना काहीच दिसत नाही, पिसांमुळे तो तेवढाच गुबगुबीत वाटतो. काट्यावर मात्र आठवडाभर आधी कळतं, आणि आठवडाभर आधी गेलात तर बहुतेक वेळा नुसत्या तपासणी आणि औषधावर भागतं, ॲडमिट करावं लागत नाही. भुरीच्या त्या रात्रीनंतर मी वजन लिहायला लागले आणि त्यानंतरचा दाढांचा त्रास मला ६० ग्रॅमच्या फरकावरून कळला, ती तेव्हा नीट खात असल्यासारखीच दिसत होती.

दुसरं खाणं आणि जागा, कारण या प्राण्यांचे बरेच आजार आपणच ठेवायला चुकतो म्हणून होतात असं कुठलाही डॉक्टर सांगेल. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि ते झिजवायला गवतच लागतं, खाण्यातला ८० टक्के वाटा गवताचा हवा. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, ते रोज खाण्यातून द्यायचं, पाण्यात टाकलेलं लवकर निकामी होतं. पोपटाला नुसत्या बियांवर ठेवला तर यकृत चरबीने भरतं आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. सरडे आणि कासवांना कॅल्शियम आणि यूव्हीबी दिवा (उन्हातली अतिनील किरणं देणारा) दोन्ही हवेत, नाहीतर हाडं मऊ होऊन मोडतात, आणि तो दिवा दिसायला चालू असला तरी त्यातली यूव्हीबी किरणं आधीच कमी होतात, म्हणून प्रकाराप्रमाणे ६ ते १२ महिन्यांनी बदलायचा. दिव्यावर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. पक्षी असेल तर नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू नका, त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, त्यावर उपचार करायला वेळच मिळत नाही.

आणि सशाची मादी असेल तर तरुण असतानाच गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या. न केलेल्या माद्यांमधे वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप होतो, ४ वर्षांच्या पुढच्यांत काही अभ्यासांत निम्म्याहून जास्त सापडलाय. हा ठरवून, तारीख घेऊन, पैसे जमवून करायचा खर्च आहे, रात्री साडेअकराचा नाही.

अवघड बोलणं

कधीकधी पैसे असूनही उपचार करू नयेत अशी वेळ येते, आणि कधी उपचार असूनही पैसे नसतात. दोन्हीत डॉक्टरांना एक विचारा, हे सगळं केलं तर तो किती दिवस आणि कसा जगेल, आणि दुखणं कमी ठेवून नुसतं सांभाळायचं म्हटलं तर कसं. फक्त वेदना कमी करणारे उपचार हा खरा पर्याय आहे. शांतपणे कायमचं झोपवणं हाही आहे. पैसे नाहीत म्हणून प्राण्याला घरी तडफडत ठेवण्यापेक्षा तो निर्णय घेणारा माणूस क्रूर नसतो, मी असे दोघे जवळून बघितलेत आणि दोघंही आपल्या प्राण्यावर जीव टाकणारे होते. याचा खर्च किती हेही त्या चार आकड्यांबरोबर आधीच विचारून ठेवा, कारण तेव्हा तो प्रश्न तोंडातून निघत नाही.

आमच्या पिंजऱ्याच्या बाजूला भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर दिवसाच्या आणि रात्रीच्या डॉक्टरांचे नंबर, दोन्हीकडे आधी किती भरावे लागतात, कोणत्या खात्यात पैसे आहेत, मी नसले तर किती रकमेपर्यंत न विचारता हो म्हणायचं, आणि भुरीचं शेवटचं वजन पेन्सिलने. दर रविवारी खोडून नवीन लिहिते. कागदाची एक प्रत भावाकडे आहे, त्याला आता रात्री उठवायला लागलं तरी काय करायचं ते त्याला माहीत आहे.